पडदा केवढा, अक्षर केवढे?

संगणकाच्या दुकानात गिऱ्हाईक शिरले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती इंची?’ कधी तो गिऱ्हाईक विचारते, कधी दुकानदार. मग किंमत, मग कंपनी, मग वॉरंटी, आणि पंधरा मिनिटांत खोके रिक्षात चढते. आमच्या कोल्हापुरात चपलांचा जोड घ्यायचा म्हटला तर माणूस चप्पल लाइनीत चार दुकाने हिंडतो, पाय घालून बघतो, दोन पावले चालून करकर ऐकतो आणि मगच पाकिटाला हात घालतो. ज्या वस्तूकडे पुढची सात-आठ वर्षे रोज टक लावून बघायचे, ती मात्र आकडा ऐकून उचलतो.

२०२० सालच्या टाळेबंदीनंतर हा प्रश्न घरोघरी आला आहे. मुलगा किंवा सून घरून काम करते, नातवाचा अभ्यास पडद्यावर चालतो, आणि निवृत्त मंडळी वीजबिलापासून सातबाऱ्यापर्यंत सगळे तिथेच बघतात. मी १९८४ साली बँकेत कारकून म्हणून लागलो आणि अधिकारी म्हणून निवृत्त झालो. नोकरीच्या काळात आणि त्यानंतर कादंबऱ्या लिहीत आलो, त्याही पडद्यावरच. म्हणजे चाळीसएक वर्षे मी या काचेकडे बघतो आहे. या अनुभवावरून माझे एक ठाम मत झाले आहे. मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसाने मॉनिटर इंचावर घेऊ नये, अक्षरावर घ्यावा.

आधी या इंचाचा हिशेब बघू. दुकानदार सांगतो तो इंच म्हणजे पडद्याचा कर्ण, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर. माझी बरीच वर्षे पीककर्जांत गेली. एखादा शेतकरी समोर बसून म्हणाला असता, ‘साहेब, माझ्या रानाचा कर्ण दोनशे फूट आहे, तेवढ्यावर कर्ज द्या,’ तर मी त्याला चहा पाजला असता, पण कर्ज दिले नसते. रान लांबोडके आहे की चौकोनी, यावर गुंठे ठरतात. पडद्याचेही तसेच आहे. पूर्वी कार्यालयांतून १९ इंची जवळजवळ चौकोनी पडदे असत. त्यांची उंची पावणेबारा इंचांहून किंचित जास्त भरायची. तेच १९ इंच हल्लीच्या रुंद आकारात घेतले तर उंची सव्वानऊ इंचांच्या आसपास येते. कर्ण तोच, पण रान सुमारे आठवा हिस्सा कमी. आडव्या ओळी मोजल्या तर नुकसान आणखी दिसते. जुन्यात १०२४ ओळी होत्या आणि त्याच्या जागी आलेल्या अनेक स्वस्त रुंद पडद्यांत ७६८. ‘नवा, रुंद, चकाचक’ म्हणून बदली केली आणि पत्राच्या खालच्या चार ओळी पडद्याबाहेर गेल्या, असे किती कार्यालयांत झाले असेल!

हा रुंद आकार आला कुठून? आपल्या कोल्हापूरकरांना यात रस वाटावा. बाबूराव पेंटरांनी मूकपट काढले ते चारास तीन या चौकटीत. १९२९ साली इथेच ‘प्रभात’ सुरू झाली आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला, तोही जवळपास त्याच प्रमाणात. दूरचित्रवाणीने ती चौकट सिनेमाकडून घेतली, आणि संगणकाचा पडदा मुळात दूरचित्रवाणीच्याच नळीचा भाऊ असल्याने त्याच्याही वाट्याला चारास तीन आले. पुढे दूरचित्रवाणी रुंद झाली, सोळास नऊ. कारखान्यांना दोन्हींचे काचपट एकाच मापात कापणे स्वस्त पडू लागले आणि २००८-१० च्या सुमारास मॉनिटरही रुंद झाले. या सगळ्या प्रवासात वाचणाऱ्याला कोणी विचारले नाही. पुस्तक उभे असते, अर्ज उभा असतो, वर्तमानपत्राचा रकाना तर उभाच. पडदा तेवढा सिनेमासाठी आडवा पसरलेला.

म्हणून मी घरच्यांना एक सोपे माप सांगतो. झेरॉक्सचा नेहमीचा ए-फोर कागद २९.७ सेंटिमीटर उंच असतो. २४ इंची रुंद पडद्याची उंची भरते २९.९ सेंटिमीटर. म्हणजे त्यावर एक पान खऱ्या आकारात जेमतेम बसते, आणि वरच्या-खालच्या पट्ट्यांनी जागा खाल्ली की तेवढेही बसत नाही. रुंदीत मात्र दोन पाने शेजारी शेजारी मावतात. २७ इंचीची उंची साडेतेहेतीस सेंटिमीटरच्या पुढे जाते, तिथे पान पट्ट्यांसकट मावते. ज्याला दिवसभर पाने वाचायची-लिहायची आहेत त्याने २४ च्या खाली जाऊ नये. आणि पडदा उभा फिरवता येईल असा स्टँड मिळाला तर तो घ्यावा. कादंबरीचे प्रूफ उभ्या पडद्यावर वाचण्यात जे सुख आहे ते आडव्यात नाही.

आता ठिपक्यांकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे. पडद्यावरचे प्रत्येक अक्षर ठिपक्यांचे बनते, रांगोळीसारखे. ठिपके दूर दूर असतील तर रांगोळी ओबडधोबड, जवळ जवळ असतील तर रेघ सुरेख. दुकानात १९२० गुणिले १०८० असे जे बोलतात ते या ठिपक्यांचे आडवे-उभे आकडे. २४ इंचीवर ते पसरले तर एका इंचात सुमारे ९२ ठिपके येतात. तेवढेच ठिपके २७ इंचीवर पसरले तर इंचाला ८२ उरतात. पडदा वाढला, ठिपके विरळ झाले. सध्या दुकानांतून हा स्वस्त २७ इंची पुढे केला जातो. ‘काका, हाच घ्या की, नाद खुळा पिक्चर दिसतंय बघा!’ पिक्चर दिसते हे खरे आहे. वर समुद्रकिनारा झळकत असतो, आणि समुद्रकिनाऱ्याला काना-मात्रा नसतात.

इंग्रजी अक्षराला फार ठिपके लागत नाहीत. पाच आडवे आणि सात उभे एवढ्या जाळीत त्यांची सगळी कॅपिटल अक्षरे बसतात. आपल्या अक्षराला वर शिरोरेघ, तिच्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, आणि मध्ये एकमेकांच्या खांद्यावर बसलेली जोडाक्षरे. ‘कर्तृत्व’ किंवा ‘उद्ध्वस्त’ हा शब्द त्या जाळीत बसवून बघा. बँकेत १९८० च्या दशकाअखेरीस आम्हाला जी यंत्रे मिळाली त्यांचे पडदे काळे आणि अक्षरे हिरवी. आडवी ऐंशी अक्षरे, उभ्या पंचवीस ओळी. आय.बी.एम.च्या १९८१ सालच्या एकरंगी पडद्यावर एका अक्षराच्या वाट्याला नऊ गुणिले चौदा ठिपक्यांची खोली येई, आणि रंगीत पडद्यावर तर आठ गुणिले आठची. एवढ्या खोलीत इंग्रजी कुटुंब सुखाने राहते, मराठी राहू शकत नाही. हातकणंगल्याच्या, कागलच्या, गडहिंग्लजच्या खातेदारांची नावे लेजरमध्ये शतकभर मराठी वळणाने उच्चारली गेली होती, ती यंत्रावर इंग्रजी कॅपिटल अक्षरांत चढली. याला कारणे अनेक होती. त्यातले एक कारण पडद्यावर जागा नव्हती हे होते, आणि त्याची नोंद कुठे होत नाही म्हणून मी इथे करतो.

मराठीसाठी कोणी काही केलेच नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. पुण्याच्या सी-डॅकचे ‘जिस्ट’ कार्ड संगणकात बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या कामांतही देवनागरी दिसू लागे. १९९१ साली ‘इस्की’ ही भारतीय लिप्यांची मानक संकेतावली आली, त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. पुढे विंडोजवर जे ‘मंगल’ अक्षर घरोघरी पोचले ते र. कृ. जोशींनी रेखाटलेले. आज गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांचे ‘मुक्ता’ फुकट उतरवून घेता येते, आणि पडद्यावर ते फार स्वच्छ वाचता येते. अक्षरे घडवणाऱ्यांनी आपले काम केले आहे. ती दाखवायला लागणारे ठिपके विकत घेणे आपल्याकडे आहे.

ठिपक्यांची कंजुषी केली तर काय होते ते मुद्रितशोधकांना विचारा. १९९० च्या दशकात ट्रेडल छापखान्यांतले खिळे जाऊन डी.टी.पी. आले. पडद्यावर इंचाला साठ-सत्तर ठिपके आणि लेझर प्रिंटरच्या कागदावर तीनशे. त्यामुळे जी चूक पडद्यावर दिसत नसे ती ट्रेसिंगवर आली की दात काढून हसत असे. ‘घर’ आणि ‘धर’, ‘भान’ आणि ‘मान’ यांत किती फरक आहे? एका गाठीचा. जुन्या वळणाचा ‘ख’ तर ‘रव’सारखाच दिसे आणि पाहुणे ‘रवाना’ झाले की ‘खाना’ झाले हे संदर्भावरून ठरवावे लागे. लिपीसुधारणा करणाऱ्यांनी ‘ख’चे पाय तळाशी जोडले ते उगाच नाही. अनुस्वार तर मुळातच एक ठिपका. बारा पॉइंटाचे अक्षर साध्या पडद्यावर सोळा ठिपके उंचीच्या जागेत बसते, त्यात अनुस्वाराच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन ठिपके येतात. तेवढ्यावर ‘चिता’ आणि ‘चिंता’ यांतला फरक तोललेला असतो. आमच्या धंद्यात ‘पत’ आणि ‘पंत’. ‘पंतसंस्था’ असे छापलेले एक आमंत्रण मी जपून ठेवले आहे. ते वाचून संचालक मंडळ पगड्या घालून बसले असेल असे वाटते.

हसण्यावारी न्यावे असे मात्र सगळेच नसते. सातबारा संगणकावर चढवताना नावे चुकली, क्षेत्रे चुकली, म्हणून २०१७ साली गावोगाव चावडीवाचन झाले. चुकीची नोंद दुरुस्त करायची तर महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली अर्ज करावा लागतो, हेलपाटे घालावे लागतात. या सगळ्याचे खापर पडद्यावर फोडता येणार नाही. घाई होती, जुनी मोडकी हस्ताक्षरे होती, नावाचा उच्चार माहीत नसलेली बोटे होती. पण दिवसाला शेकडो मराठी नावे टंकणाऱ्या मुलीसमोर आपण विरळ ठिपक्यांचा पडदा ठेवायचा आणि तिच्याकडून अनुस्वाराची अपेक्षा करायची, हा अन्याय आहे. खरेदीच्या कागदावर ‘२४ इंची मॉनिटर, नग अमुक’ एवढेच लिहू नये. इंचाला किमान किती ठिपके हवेत, उंची खालीवर होते का, याची ओळ त्यात असायलाच हवी. बँकेत खरेदीच्या फायली मी पुष्कळ पाहिल्या आहेत. जी ओळ निविदेत नसते ती वस्तू ट्रकमधून उतरत नाही.

किती ठिपके पुरे? नेत्रतज्ज्ञाच्या भिंतीवरचा तक्ता ६/६ वाचणारा डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील ओळखतो. पडदा दोन फुटांवर असेल तर तो हिशेब इंचाला सुमारे १४५ ठिपक्यांपर्यंत जातो. त्यापेक्षा दाट घेतले तर डोळ्याला फारसा फरक कळत नाही, विरळ घेतले तर कळतो. आता गंमत बघा. दिवाणखान्यात आपण ४३ इंची ‘फोर-के’ टीव्ही लावतो आणि आठ फुटांवर सोफ्यात बसतो. आठ फुटांवरून डोळ्याला इंचाला ३६ ठिपके पुरतात. साध्या फुल एच.डी.त ते ५१ असतात, म्हणजे तिथेच उरून उरले, आणि फोर-के मधले जादाचे ठिपके बघायला कोणी उठून जवळ जात नाही. आणि शेजारच्या खोलीत, जिथे सून दोन फुटांवरून आठ तास बघते, तिथे मात्र सगळ्यांत स्वस्त मॉनिटर! पाहुण्यांना दिसते ते दिवाणखान्यात, दुसरे काय.

पिशवीत पैसे किती आहेत त्यावर बाकीचे ठरेल. किमती महिन्याला बदलतात, त्या इथे देत नाही. साधे काम, हिशेब, अभ्यास यासाठी २४ इंची, १९२० गुणिले १०८० चा पडदा ठीक आहे, इंचाला ९२. जागा थोडी असेल तर साडेएकवीस इंचीत तेवढेच ठिपके दाटीने बसतात, १०२. २७ इंची घ्यायचाच असेल तर तो २५६० गुणिले १४४० चा घ्यावा, म्हणजे १०९ येतात. तोच फोर-के घेतला तर १६३, मराठी वाचण्या-लिहिण्यासाठी याहून चांगले सहसा लागत नाही. मात्र घरचा संगणक जुना असेल तर तो एवढे ठिपके नीट पुरवू शकतो का, हे आधी विचारून घ्या. जुनी यंत्रे नि जुन्या वायरी कधी कधी निम्म्या वेगाने चित्र पाठवतात आणि माउसचा बाण पाय ओढत चालल्यासारखा दिसतो. नातू १४४ हर्ट्झ, १६५ हर्ट्झ असे काही म्हणेल. ते खेळांसाठी. त्याच्याशी वाद घालू नये, पण अक्षरांचा त्याच्याशी फार संबंध नाही.

‘दाट ठिपके घेतले की अक्षर मुंगीएवढे होते’ अशी तक्रार हमखास ऐकू येते. ती खरी आहे, आणि उपायही सोपा आहे. संगणकाच्या सेटिंगमध्ये अक्षरे-खिडक्या मोठ्या करण्याचे टक्के असतात, १२५, १५०, १७५. २७ इंची फोर-के वर १७५ टक्के ठेवले की अक्षर साध्या २४ इंचीवरच्या अक्षराएवढेच मोठे दिसते, पण सोळाऐवजी अठ्ठावीस ठिपके उंचीत रेखलेले. अनुस्वार गोल दिसतो, ‘ष’च्या पोटातली रेघ दिसते. हे न करता अनेक ठिकाणी भलताच उपाय केलेला मी बघतो. साहेबांना बारीक दिसते म्हणून कोणीतरी ठिपक्यांचाच आकडा खाली आणून ठेवतो, १९२० चा १३६६ किंवा १०२४. जुन्या नळीच्या पडद्यांना ते चालत असे. आताच्या पडद्यांत ठिपके काचेत पक्के बसवलेले असतात. आकडा बदलला की एका ठिपक्याचे काम दीड ठिपक्यावर ढकलले जाते आणि सगळी अक्षरे पावसात भिजलेल्या वहीसारखी पसरतात. कालच कोर्टाजवळच्या एका टायपिंगच्या दुकानात हे पाहिले. मुलगा बिचारा डोळे चोळत दस्त टंकत होता. त्याच्या परवानगीने आकडा पूर्ववत केला, टक्के वाढवले. तो म्हणाला, ‘काका, चष्मा पुसल्यागत वाटतंय.’

चष्म्यावरून आठवले. आपल्या भाषेत जवळच्या चष्म्याला चाळिशी म्हणतात, आणि ती पुस्तकाच्या अंतराला, साधारण सव्वा-दीड फुटाला करून दिलेली असते. पडदा दोन फुटांवर. म्हणजे तो चाळिशीच्या हद्दीत नाही आणि लांबच्या नंबरातही नाही, सीमाभागातल्या गावासारखा. मग माणूस मान पुढे काढतो, किंवा दुहेरी भिंगाच्या खालच्या चकतीतून बघण्यासाठी हनुवटी वर करतो, आणि संध्याकाळी मानदुखीचे तेल शोधतो. पडदा विकत घेण्याआधी घरच्या टेबलाशी नेहमीसारखे बसून डोळ्यापासून पडद्याच्या जागेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे आणि तो आकडा चष्मेवाल्याला सांगावा. पडद्याची वरची कड डोळ्याच्या रेषेत किंवा थोडी खाली हवी, दुहेरी भिंगवाल्यांनी आणखी खाली. तीन पुस्तके खाली ठेवून मॉनिटर उंच करणाऱ्या घरांत बहुधा ज्येष्ठ नागरिकाची मान विचारात घेतलेली नसते. आणि साठी उलटलेल्या माणसाचे मोतीबिंदू तपासायचे राहिले असतील तर ते आधी. फोर-के नंतर.

दुकानात जाताना मी पेन ड्राइव्हवर मराठीचे एक पान नेतो. त्यावर बारा पॉइंटात हे शब्द आहेत: चिता, चिंता, पत, पंत, घर, धर, भान, मान, खाना, रवाना, वाङ्मय, उच्छ्वास, र्‍हास, ज्येष्ठ, लक्ष्मी, कर्तृत्व. समुद्रकिनारा बंद करायला सांगतो, पान उघडतो आणि स्टुलावर दोन फुटांवर बसून माझा नेहमीचा चष्मा लावून वाचतो. पाचएक मिनिटे लागतात. राजारामपुरीतल्या एका दुकानदाराने पहिल्यांदा माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने बघितले. मग तो स्वतःच खुर्ची ओढून शेजारी बसला, दोन मॉनिटर शेजारी शेजारी लावून ‘पत’ आणि ‘पंत’ वाचू लागला, आणि शेवटी म्हणाला, ‘काका, ते पान तेवढं हितं कॉपी करून जावा.’